ठरवून केलेलं भांडण

“चप्पल हातात घेऊ का पायातच राहू दे?” नंदानं विचारलं.

नवी पेठेत, म्याकलशेठच्या दुकानाच्या जरा अलीकडं, स्कूटर स्टँडवर लावून आम्ही दोघं शेवटची उजळणी करत होतो. मी म्हणालो, पायातच राहू दे. मागं कूलर घेताना तिनं चप्पल हातात घेतली होती, तर त्या दुकानदाराला वाटलं बाई खरंच हाणणार. त्यानं मला आत नेऊन बसवलं, गार पाणी पाजलं, संसार कसा करावा ते सांगितलं, आणि भाव मात्र एका रुपयानंही सोडला नाही. दया आली की माणूस पाणी पाजतो. आपल्याला पाणी नको होतं, सवलत हवी होती.

नवी पेठेतल्या या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी सिद्राम हत्तुरे. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्या भागात मला लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे, गाडी नुसती चालू करून दाखवली की आवाजावरनं मी बिघाड सांगतो. आणि दुसरी म्हणजे, माझ्या शब्दावर कुणी काडीचा विश्वास ठेवत नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला मी एकदा सांगितलं होतं, की मोठ्या साहेबांची लाल दिव्याची गाडी पंक्चर झालीय आणि शिपाई ती ढकलत तुझ्याकडंच आणायलेत. तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसाला तेल लावून दोन तास रस्त्याकडं बघत उभा होता. अजून तो माझ्याशी बोलताना आधी माझे डोळे बघतो.

नंदा, म्हणजे माझी बायको महानंदा, लग्न होऊन आली तेव्हा मान वर करून बोलायची नाही. सहा महिन्यांत तयार झाली. मग आमच्या दोघांचं एक कसब जमलं: दुकानात जाऊन ठरवून भांडायचं. तिनं महागाची वस्तू मागायची, मी स्वस्तातली धरून बसायचं. शब्दाला शब्द वाढवायचा, गिऱ्हाइकं गोळा करायची. मग ती तरातरा निघून जायची आणि मी दुकानदारासमोर तोंड बारीक करून बसायचो, की बघा, तुमच्या दुकानात माझं घर मोडायलंय, काहीतरी करा. दुकानदार घाबरतो हो. हातातलं गिऱ्हाईक जातंय आणि वर दुकानाची बदनामी. तो सोडतो. त्यानं सोडलं की मी रुमाल काढून दोनदा घाम पुसायचा. समोरच्या बाजूला उभी असलेली नंदा ते बघून तोंड फुगवून परत यायची, “घ्या काय घ्यायचं ते” म्हणायची, आणि सौदा पुरा. कपाट असंच आणलं, शिलाई मशीन असंच आणलं, कूलरही पाणी पिऊन का होईना असाच आणला. परत येताना स्कूटरवर आम्ही इतकं हसायचो, की एकदा मला गतिरोधक दिसलाच नाही.

या वेळी धुण्याची मशीन घ्यायची होती, आणि ती त्याच आठवड्यात. नंदाच्या उजव्या मनगटातली नस दबली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कपडे पिळणं आजपासून बंद. पिळत राहिलात तर बोटांतला जीव जाईल, मग ऑपरेशन करूनही हात पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही. आणि आमच्या घरचं धुणं म्हणजे काय साधं धुणं नव्हे. माझे ग्रीसचे कपडे, आव्वाची, म्हणजे माझ्या आईची, नऊवारी लुगडी, आणि चार जाडजूड सोलापुरी चादरी. भिजलेली चादर एकट्यानं उचलून बघा कधी. पैलवान माणूस कमरेवर हात ठेवतो.

कुठली मशीन घ्यायची ते मी ठरवलं होतं. दोन टबांची, सेमी. एका टबात धुवायचं, दुसऱ्या टबात टाकलं की ती गरगर फिरवून पिळून देते. दोन मोटारी, एक पट्टा, मागं चार स्क्रू. बिघडली तर मी डोळे झाकून दुरुस्त करीन. पूर्ण ऑटोमॅटिक असती तिचा सगळा जीव एका बोर्डात. बोर्ड गेला की बसा कंपनीच्या माणसाची वाट बघत. शिवाय आमच्याकडं नळाला पाणी पाचव्या दिवशी. सेमीत बादलीनं पाणी ओतता येतं, ऑटोमॅटिकला नळ लागतो आणि नळाला जोर लागतो. दिवाळीत नंदानं एकदा ऑटोमॅटिकचा विषय काढला होता. मी लगेच उठून आव्वासमोर ऑटोमॅटिक मशीन होऊन दाखवली. डोळे मिटून उभा राहिलो, कूं कूं केलं, थरथर कापलो आणि “पाणी संपलं, मालकाला बोलवा” असं म्हणून जमिनीवर आडवा झालो. आव्वाची कवळी हातात यायची वेळ आली. नंदाही हसली. मला वाटलं, विषय संपला.

खरेदीच्या आधीच्या दोन महिन्यांत घरात चार-पाच कप फुटले होते, त्याचंही आम्ही हसूच केलं होतं.

तर ठरलं असं, की दुकानात नंदानं ऑटोमॅटिकच पाहिजे म्हणून हट्ट धरायचा, निघून जायचं, आणि मी सेमीवर स्टँड, कव्हर आणि जमलं तर एक इस्त्री सोडवून घ्यायची.

“आवाज लहान ठेवू नको,” मी म्हणालो. “फ्रिजच्या रांगेपर्यंत ऐकू गेला पाहिजे.”

“आज तुम्ही मध्ये हसू नका म्हणजे झालं,” ती म्हणाली, आणि पदर खोचून पुढं निघाली.

म्याकलशेठ म्हणजे काटकुळा, कपाळावर कुंकवाचं बोट, आणि प्रत्येकाला मालक म्हणायची सवय. या मालक, बसा मालक करून त्यांनी आम्हाला नागमणी नावाच्या मुलीच्या हवाली केलं. तिशीतली, दुकानाचा निळा कोट घातलेली, तोंडात साखर आणि नजर सुईसारखी. तिनं मशीन दाखवायला सुरुवात केली न केली तोच नंदा तडक पुढून काचेचं दार असलेल्या, सगळ्यांत महागाच्या मशीनपाशी गेली, आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाली, ही.

मी छातीला हात लावला. म्हणालो, ही मशीन आहे का विमान.

झालं, सुरू. नंदानं पहिल्याच दमात माझे ग्रीसचे कपडे दुकानात आणले. आठवड्याला सात जोड, विचारा ह्यांना कोण घासतं. मी म्हणालो, नवऱ्याचे कपडे धुतीस म्हणजे उपकार करतीस का. फ्रिज बघायला आलेल्या दोन बायका फ्रिजचं दार उघडं टाकून आमच्याकडं वळल्या. नंदा म्हणाली, एकोणीस वर्षं धुतेय, एकदा तरी दोरीवरचे कपडे काढलेत का ह्यांनी, पाऊस आला तरी ओरडून सांगतात, कपडे भिजायलेत म्हणून. त्यातल्या एका बाईनं मोठ्यानं हुंकार भरला. मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. उजळणीत यातलं काही नव्हतं. सगळं आयत्या वेळचं, आणि काय सूर लागला होता. मी जेवढा कंजूष होईन तेवढी ती रंगत होती.

मग मी सेमीकडं वळलो. नाटक आपल्या जागी, मशीन घ्यायची म्हणजे बघून घेतली पाहिजे. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून मी मशीन भिंतीपासून ओढली, मागच्या बाजूला वाकलो, मोटारीला कान लावला. नागमणी म्हणाली, दादा, उघडू नका, वॉरंटी जाईल. मी तिला पट्ट्याचा नंबर विचारला, बेअरिंग कुठल्या मापाचं ते विचारलं. तिला बिचारीला ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. दुकानाच्या त्या कोपऱ्यात डेमोसाठी नळ जोडलेला होता. ती डेमोला दोन रुमाल टाकायला लागली, तेव्हा मी पिशवीतून घरची चादर काढली. निळ्या-तांबड्या चौकड्यांची, दोघांच्या अंथरुणावर पुरून उरणारी.

“रुमाल धुवायला आम्हाला मशीन नको,” मी म्हणालो. “ही धुवून दाखवा.”

म्याकलशेठ खुर्चीतून उठून आले. चादर टबात गेली, पाणी भरलं, बटण फिरवलं. घरर घरर करत मशीन तिला घुसळायला लागली. आवाज ऐकून मी खूश. मोटर एक नंबर होती. पाच मिनिटांनी ती थांबली, आणि आता चादर धुण्याच्या टबातून उचलून पिळायच्या टबात टाकायची होती. नागमणी बाह्या सारून पुढं झाली.

तेव्हा मला सुचलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्याच डोक्याचं कौतुक वाटलं. नंदानं स्वतः चादर उचलायची, अर्धवट उचलून टाकून द्यायची, आणि “हे काय, अर्धं काम मीच करायचं तर मशीन कशाला” म्हणून तणतणत बाहेर जायचं. याहून चांगली एक्झिट कुठली. म्हणून मी नागमणीला थांबवलं.

“तुम्ही नका हात लावू. वापरणार ही आहे, हिलाच करू द्या.”

नंदानं माझ्याकडं बघितलं. मी एक भुवई किंचित वर केली, म्हणजे चल, रंगव.

ती वाकली. दोन्ही हात टबात घातले, चादरीचा काठ धरला आणि उचलला. चादर वीतभर वर आली. मग उजव्या हाताची बोटं उघडली. मुठीतून चादर निसटली असं नव्हतं. बोटंच एकामागनं एक सुटी झाली. चादर धप्पकन पाण्यात पडली, पाणी उडालं, नंदाच्या पदरावर आणि म्याकलशेठच्या पायावर. मी मनात म्हणालो, वा. तिनं ओठ मिटले आणि पुन्हा धरली. पुन्हा तेच. या वेळी पाणी कमी उडालं, कारण चादर तेवढी वरच आली नव्हती.

मला हसू आवरेना, म्हणून मी जास्तच करडा आवाज काढला.

“घरी पाण्याची घागर उचलतीस,” मी म्हणालो, “आणि इथं चार माणसांत नाटक करतीस का?”

नंदा सरळ उभी राहिली. ओला उजवा हात डाव्या हातात धरला. वळली आणि दुकानातून बाहेर गेली. तणतण नाही, पाय आपटणं नाही, फ्रिजच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा आवाज नाही.

मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत होतो आणि माझा आनंद पोटात मावत नव्हता. मुकाट्यानं निघून जाणं. एकोणीस वर्षांत हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं. दुकानात अशी शांतता पसरली, की एसीचा आवाज ऐकू यायला लागला. त्या फ्रिजवाल्या बाया माझ्याकडं मी कुणाचा तरी खून केल्यासारखं बघत होत्या.

मी लोखंड तापलेलं सोडणारा माणूस नाही. खुर्चीत बसलो, डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि म्याकलशेठना म्हणालो, बघा शेठ, आता घरी जाऊन मी काय तोंड दाखवू. म्याकलशेठ ओल्या पायांनी माझ्याशेजारी बसले. स्टँड देतो म्हणाले. मी मान हलवली. कव्हर देतो म्हणाले. मी सुस्कारा सोडला. इस्त्री दिली, दोन वर्षं घरी येऊन फुकट सर्व्हिस दिली, आणि शेवटी भिंतीवरचं एक घड्याळही काढून देऊ का म्हणाले. असा विजय मला कुठल्याच दुकानात मिळाला नव्हता. मी खिशातून रुमाल काढला, काचेच्या दाराकडं तोंड केलं आणि ऐटीत दोनदा घाम पुसला.

कुणी आलं नाही.

मला वाटलं, समोर टेम्पो आडवा आला असेल. टेम्पो जायची वाट बघितली, परत दोनदा पुसला. मग उठून दाराजवळ गेलो आणि तिथं पुसला. म्याकलशेठ काळजीनं म्हणाले, मालक, तब्येत बरी आहे ना, एसी वाढवू का.

नागमणी मागच्या कोपऱ्यातून आली. तिनं चादर पिळायच्या टबात टाकून सुकवली होती आणि घडी घालून आणली होती. ती माझ्या हातात देताना तिनं हळूच विचारलं, ताईंचा हात असा कधीपासून आहे.

मी म्हणालो, कसा?

“माझी आई विड्या वळायची, दादा,” ती म्हणाली. “तीस वर्षं. तिची बोटं अशीच सुटायची. ती पण दोनदाच प्रयत्न करायची. तिसऱ्यांदा कुणासमोर करायची नाही.”

मी काहीतरी चेष्टेचं उत्तर देणार होतो. तोंड उघडलंही. आवाजावरनं बिघाड सांगणारा माणूस मी, आणि माझ्या कानात एकदम ते चार-पाच कप फुटल्याचे आवाज एकामागनं एक वाजले. तिनं एकदाही हात आपटला नव्हता. तिच्या हातून ते नुसते सुटले होते, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी विनोद केला होता.

चादर काखेत मारून मी रस्ता ओलांडला. ठरलेल्या जागी, रसाच्या गाड्यापाशी, ती नव्हती. दोन दुकानं सोडून एका शेंगाचटणीच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. पदर वाळायला मांडीवर पसरला होता आणि डाव्या हातानं ती उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटवून बघत होती.

मी शेजारी बसलो.

“मी घाम पुसला,” मी म्हणालो. “तीनदा पुसला.”

“बघितलं मी.”

“मग आली का नाहीस?”

“आले असते तर ती मशीन घ्यावी लागली असती.”

दुकानातून भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येत होता. आतला माणूस आम्हाला गिऱ्हाईक समजून सारखा डोकावत होता.

“मला वाटलं तू मुद्दाम सोडलीस,” मी म्हणालो.

“पहिल्यांदा मलाही वाटलं, बरं झालं, नाटकात खपून जाईल. दुसऱ्यांदा नाही वाटलं.” तिनं उजवा हात उलटा करून बघितला. “डॉक्टरांनी पिळू नका सांगितलं, तेवढं तुम्ही धरून बसला. पिळायला तुमची ती मशीन आहे. पण या टबातनं त्या टबात कोण टाकणार? मला कप धरवत नाही आता.”

“सांगायचं की मग.”

“सांगितलं की. दिवाळीत. तुम्ही मशीन होऊन जमिनीवर पडलात.”

मला आठवलं, तेव्हा तीही हसली होती. पण ती आपणहून हसली का आव्वाकडं बघून हसली, ते मला काही केल्या आठवेना. मी मोटर बघितली होती, पट्टा बघितला होता, मागचे चार स्क्रू मोजले होते. मला दुरुस्त करायला सोपी जाईल अशी मशीन मी निवडली होती. तिला वापरायला कशी जाईल हे मी बघितलंच नव्हतं. आमच्या धंद्यात असाच एक गाढवपणा असतो. गाडी कोण चालवणार हे न विचारता माणूस इंजिनाच्या प्रेमात पडतो.

“चल,” मी म्हणालो.

“आता काय नवीन काढलंत?”

“काही नाही. तू निवड. मी तोंड उघडणार नाही.”

तिनं माझे डोळे बघितले, अगदी त्या पंक्चरवाल्यासारखे. मग उठली.

आम्ही दोघं एकत्र आत आलो तेव्हा फ्रिजवाल्या बाया अजून तिथंच होत्या. मला वाटतं त्या आता फ्रिजसाठी थांबल्याच नव्हत्या. म्याकलशेठ पुढं आले, घड्याळ त्यांच्या हातात तसंच होतं. मी म्हणालो, शेठ, सेमी राहू द्या. ऑटोमॅटिक दाखवा, हिला आवडेल ती, आणि भाव काय असेल तो सांगा, मी देतो.

म्याकलशेठचा चेहरा उतरला. तुम्हाला सांगतो, एवढं तासभर नाटक करून मी त्यांना जेवढं घाबरवलं नव्हतं, तेवढे ते या एका खऱ्या वाक्यानं घाबरले. त्यांना वाटलं, हा मोठा डाव आहे. त्यांनी आपणहून भाव कमी सांगितला. मी म्हणालो, अहो कमी करू नका, आहे तो सांगा. त्यांनी आणखी कमी केला. स्टँड, कव्हर, इस्त्री सगळं या मशीनवरही देतो म्हणाले. मी गप्प बसलो, कारण मी नंदाला शब्द दिला होता. माझं ते गप्प बसणं बघून त्यांनी घड्याळाला नवीन सेल घालून दिला.

तोवर नंदा आणि नागमणी मशीनींच्या रांगेतून हिंडत होत्या. नंदानं एकीचीही मोटर बघितली नाही. तिनं प्रत्येक मशीनचं झाकण डाव्या हातानं उघडून बघितलं. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये वाकून हात घातला आणि मान हलवली. तळातून ओले कपडे ओढून काढायचे म्हणजे पुन्हा तेच. मग पुढून दार असलेल्या मशीनसमोर नागमणीनं तिला एक स्टूल दिलं. नंदा बसली, दार उघडलं, आत हात घातला. नागमणीनं माझ्या काखेतली आमची चादर घेऊन आत टाकली होती. नंदानं ती दोन बोटांनी स्वतःकडं ओढली. चादर घसरत घसरत तिच्या मांडीवर आली. तिनं ती परत आत ढकलली आणि पुन्हा ओढली. लहान मुलीसारखी तीन-चार वेळा.

खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरवर माझा हात होता. मला विचारायचं होतं, बेअरिंग कसलं आहे. मी हात खिशातून बाहेर काढला.

“ही,” नंदा म्हणाली.

मग तिनं म्याकलशेठकडं वळून असा आवाज लावला, की तो फ्रिजच काय, टीव्हीच्या रांगेपर्यंत गेला असेल. म्हणाली, ह्यांना काय विचारता शेठ, ह्यांना काय कळतंय, हे नट-बोल्टवाले. वापरणार मी आहे. पण आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं, तेव्हा नळाची सगळी जोडणी तुमचा माणूस येऊन करणार, पाईप तुमचा, आणि हे जे स्टूल आहे ना, हे मी नेणार. म्याकलशेठनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. फ्रिजवाल्या बाईनं टाळी वाजवली. नंदानं माझ्याकडं बघून एक भुवई किंचित वर केली, आणि माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मशीन घरी आली. पाण्याच्या जोराचा बंदोबस्त मी केला. गॅरेजमधला एक रिकामा प्लास्टिकचा पिंप घासून मोरीच्या माळ्यावर, जमेल तेवढ्या उंच चढवला, खाली तोटी बसवली, पाईप मशीनला जोडला. अर्धा दिवस मोडला, पण म्याकलशेठचा माणूस आला तेव्हा त्याला पाणी पिऊन परत जाण्याशिवाय काम उरलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नंदानं स्टुलावर बसून चादर आणि माझे दोन जोड आत ढकलले, दार लावलं, बटण दाबलं. आकडा आला, अठ्ठावन्न मिनिटं.

आव्वा खुर्ची ओढून काचेसमोर बसली. मशीन एका बाजूला फिरायची, थांबायची, मग दुसऱ्या बाजूला फिरायची. आव्वा म्हणाली, सिद्राम, बिघडली बघ, उलटी फिरायलीय. मी तिला समजावून सांगितलं. पाच मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, बिघडली बघ. थोड्या वेळानं तिला डुलकी लागली.

नंदा मोरीच्या उंबऱ्याला टेकून खाली बसली होती. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. त्या वेळेला, सकाळच्या साडेदहाला, तिचे हात रिकामे मी कधी बघितले नव्हते. तिलाही त्यांचं काय करावं कळत नव्हतं. ती एकदा उठायला लागली, स्वयंपाकघराकडं बघितलं, परत बसली.

मला तेव्हा एक चांगला विनोद सुचला होता. मी तो केला नाही. देव्हाऱ्याजवळची खोबरेल तेलाची बाटली आणली, तिच्यापुढं बसलो आणि तिचा उजवा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला. माझ्या हाताला ग्रीसचा वास कायमचाच, त्यात तेल. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत मी चोळायला लागलो. इंजिन सोडवताना जेवढं जपतो तेवढंच जपून, एकेक बोट. तिनं डोळे मिटले आणि डोकं चौकटीला टेकवलं.

बराच वेळ गेला. माझा अंगठा भरून आला, म्हणून मी हात जरा झटकला आणि बाटलीचं झाकण लावायला लागलो.

नंदानं एक डोळा उघडून मशीनकडं बघितलं.

“अजून सव्वीस मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “थांबू नका.”